मेळ बसल्याशिवाय सही नाही

आमच्या गावच्या विकास सोसायटीचा मी पाच वर्षं चेअरमन होतो. चेअरमन म्हटलं की लोकांना वाटतं खुर्ची, चहा आणि सह्या. पहिली काही वर्षं तसंच होतं म्हणा. खरिपाचं कर्जवाटप, मार्चची वसुली, वार्षिक सभेत दोन तास भांडण आणि शेवटी जिलेबी. दहावी शिकलेल्या माणसाला झेपेल असं काम. पण मुदतीच्या शेवटी शेवटी जे अंगावर आलं, त्याला काय म्हणतात हेच मला ठाऊक नव्हतं. हिंजवडीला नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीनं त्याचं नाव सांगितलं. म्हणाली, "आप्पा, ह्याला आयटी प्रोजेक्ट म्हणतात. मी दिवसभर हेच करते."

लेक सात-आठ वर्षं पुण्यात काय करते हे मला तेव्हा कळलं.

झालं असं. २९ जून २०२२ ला केंद्र सरकारनं देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्था संगणकावर आणायचं ठरवलं. खर्च धरला २,५१६ कोटी. सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर, आणि ते बघायचं काम नाबार्डकडं. ह्या ६३,००० मध्ये आमची साडेसहाशे सभासदांची सोसायटीही होती.

शहरातल्या वाचकासाठी दोन शब्द सांगतो. पीककर्जाचा पैसा राज्य सहकारी बँकेकडून जिल्हा बँकेला, तिथून गावच्या सोसायटीला आणि सोसायटीतून सभासदाला, असा पाटाच्या पाण्यासारखा खाली येतो. वसुली त्याच वाटेनं वर जाते. आमचा भाग कृष्णाकाठचा, उसाचा. सोसायटी साखर कारखान्याला येणेबाकीची यादी देते आणि कारखाना उसाच्या बिलातून तेवढी रक्कम कापून पाठवतो. कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर इतर हक्कात चढलेला असतो. कर्ज फिटलं की सोसायटीनं बेबाकीचा दाखला द्यायचा, मग तो उतरतो. म्हणजे सोसायटीच्या वहीत काय लिहिलंय, त्यावर माणसाच्या जमिनीचं भवितव्य.

वहीची धास्ती शेतकऱ्याला जुनी आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतपत्रं बाहेर काढून जाळली. पुढं १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि सावकाराच्या वहीच्या जागी शेतकऱ्याची स्वतःची वही आली. वही आपली झाली खरी, पण ती वाचता येणारा माणूस गावात एकच राहिला. तो म्हणजे सचिव. आमच्याकडं गटसचिव, दोन गावांना मिळून एक.

तर आमच्या ऑफिसात खोकी आली. संगणक, प्रिंटर, बॅटरी. संचालकांनी नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, फोटो काढला. मग धूळ बसू नये म्हणून संगणकावर प्लॅस्टिक घातलं आणि सगळे घरी गेले. मंडळाच्या हिशेबानं काम झालं होतं.

त्या आठवड्यात लेक जत्रेला आली होती. जेवताना मी तिला कौतुकानं सांगितलं, तर ती घास तोंडात घालता घालता थांबली. "आप्पा, तीन गोष्टी सांगा. काम पूर्ण झालं हे कशावरून ठरवणार? कुठल्या तारखेचा हिशेब त्यात घेणार? आणि दोघांचं दोन म्हणणं पडलं, तर शेवटचा शब्द कुणाचा?"

मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. पण प्रश्न ओळखीचे वाटले. विहीर खोदायला माणसं लावताना आपण हेच ठरवतो. किती हात खोल, कातळ लागला तर सुरुंगाचा खर्च कुणी करायचा, आणि पाणी लागलं असं कधी म्हणायचं. हे आधी बोललं नाही तर अर्ध्या विहिरीवर भांडण होतं आणि विहीर तशीच पडते. अशा अर्धवट विहिरी आमच्या शिवारात तीन आहेत.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून दोनशे पानी वही आणली. लेकीच्या सांगण्यावरून चार रकाने आखले. काम काय. कुणी करायचं. कधीपर्यंत. अडलंय कुठं. ती म्हणाली, "आमच्याकडं ह्याचंच मोठं सॉफ्टवेअर असतं. पण रकाने हेच."

पहिल्या पानावर तिच्या तीन प्रश्नांची उत्तरं लिहून मंडळाच्या बैठकीत वाचली. हिशेब ३१ मार्चचा घ्यायचा, कारण त्या दिवशी ताळेबंद बनतो आणि त्याच आकड्यांवर लेखापरीक्षण होतं. शेवटचा शब्द चेअरमनचा, पण आकड्याच्या बाबतीत कागदाचा. आणि काम पूर्ण झालं असं कधी म्हणायचं? तिथं मी लिहिलं होतं, 'प्रत्येक सभासद आपली बाकी बघून कबूल म्हणेल तेव्हा.' त्यावर सगळे हसले. साडेसहाशे माणसं एका गोष्टीला कबूल झाल्याचं आमच्या गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. तरीपण ठराव झाला, कारण चहा यायचा होता.

आता काम सुरू झालं आणि कळलं, की संगणकाचं म्हणून जे काम आहे ते चार आण्याचं. बाकीचे बारा आणे वह्यांचे आणि माणसांचे.

वह्या म्हणजे किर्द, खतावणी, तेरीज, सभासद नोंदवही. त्यात नावं कशी? एक माणूस कर्ज खतावणीत एका नावानं, शेअर्सच्या खात्यात घरच्या हाकेच्या नावानं आणि आधार कार्डावर तिसऱ्याच. बाप वारला तरी खातं बापाच्याच नावावर, कारण वारसनोंद केलेली नाही. सासरी गेलेल्या मुलींची नावं दोन-दोन. माणूस हे सगळं समजून घेतो. "कुठला तो? मळ्यातला? बरं बरं." संगणक 'बरं बरं' म्हणत नाही. त्याला नंबर लागतो.

नोंदी भरायला गावातलीच एक बी. कॉम. झालेली पोरगी घेतली. हात चांगला चालायचा तिचा. पण गटसचिवांचं काय करायचं, हा खरा पेच होता. वय छप्पन्न, निवृत्तीला दोन वर्षं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हातानं खतावणी लिहिलेली. मोत्यासारखं अक्षर. ते रोज काहीतरी कारण काढायचे. आज किल्ली विसरली, आज बँकेत काम आहे, आज डोळे दुखतात. संचालक म्हणायला लागले, "त्यांना संगणक शिकायचा न्हाई, अडवून धरत्यात."

मी फोनवर लेकीला विचारलं. ती म्हणाली, "आप्पा, ते संगणकाला भीत नाहीत. उद्यापासून आपली गरज काय, ह्याला भितात. आमच्याकडंही हेच असतं."

मग मी कामाची वाटणी बदलली. पोरीनं भरायचं आणि सचिवांनी तपासायचं. तिनं भरलेल्या प्रत्येक पानाचा कागद काढायचा, तो जुन्या खतावणीशी ताडून सचिवांनी लाल शाईची खूण करायची. खूण नाही तर पान पुरं नाही. त्यांना सांगितलं, "भाऊसाहेब, जुन्या वह्या ह्या गावात तुमच्याशिवाय कुणाला वाचता येत न्हाईत. यंत्राचं चुकलं तर धरणारं तुम्हीच." चार दिवसांत किल्ली विसरायची थांबली. आठव्या दिवशी ते त्या पोरीला सांगत होते, "अगं, हा सात न्हवं, एक हाय. माझा बारीक सात असाच येतो."

सगळं गाव एकदम धरायचं नाही, हेही लेकीचं सांगणं. आधी एकच वस्ती घेतली, ओढ्यापलीकडची. साठ-पासष्ट खाती. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला लागत नाही. नवं बियाणं आलं की आपण दोन सरी लावून बघतो, सगळ्या रानात टाकत नाही. त्या वस्तीच्या खात्यांत जी जी अडचण आली ती वहीत मांडली आणि पुढच्या वस्तीला त्या पहिल्याच दिवशी निस्तरल्या.

संचालकांचा एक त्रास वेगळाच होता. संगणक आलाय म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात रोज नवीन यायचं. खत दुकानाचा साठा पण ह्यातच घाला. रेशनचं पण घाला. एक जण म्हणाला, जत्रेची वर्गणी पण घाला, कुणी दिली न्हाई ते कळंल. नाही म्हटलं तर माणूस दुखावतो. मी वहीचं शेवटचं पान काढलं आणि वर लिहिलं, 'पुढच्या हंगामाचं'. कुणी काही सुचवलं की त्याच्यासमोर तिथं लिहायचं, त्याचं नाव घालून. माणूस खूश आणि काम जागेवर. लेकीला सांगितलं तर ती खूप हसली. म्हणाली, "हे आम्हाला शिकवायला बाहेरून माणसं येतात, आप्पा, आणि तरी जमत नाही."

कामाला उशीर व्हायला लागला. वीज जायची. नेट कधी असायचं, कधी नसायचं. ऑफिसात रेंज नाही म्हणून पोरगी मोबाइल खिडकीच्या गजाला बांधून ठेवायची. तालुक्याच्या ठिकाणी एक बैठक झाली, तिथं एकानं सुचवलं, बाहेरची पाच-सहा पोरं आणून बसवा, आठ दिवसांत उरकतंय. मंडळालाही ते पटलं. ऊसतोडीला टोळी वाढवली की फड लवकर निघतो, हे सगळ्यांनी बघितलेलं.

मी रात्री लेकीला विचारलं. तिनं सांगितलं, की फ्रेडरिक ब्रूक्स नावाच्या एका अमेरिकन संगणकवाल्यानं १९७५ साली ह्यावर पुस्तक लिहून ठेवलंय. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसं घातली की काम आणखी मागं पडतं, असं त्याचं म्हणणं. मी विचार केला आणि मला ते पटलं. ऊस तोडायला येणाऱ्या माणसाला ऊस काय असतो हे सांगावं लागत नाही. पण बाहेरच्या पोराला आमच्या सचिवांचा एक कुठला आणि सात कुठला, हे शिकवायला सचिवच बसणार. मग तपासायचं कुणी? मी दोनच पोरं घेतली. त्यांना फक्त आधार आणि मोबाइल नंबर भरायचं काम दिलं. आकड्याला हात लावू दिला नाही.

असं करत करत सगळी खाती भरून झाली. सगळ्या कर्जाची बेरीज संगणकानं काढली, सचिवांनी तेरजेशी ताडली. रुपयालाही फरक नाही. पोरीनं पेढे आणले. सह्या करायचा कागदही आला. माहिती पूर्ण आणि अचूक भरली आहे, संस्था संगणकावर काम सुरू करायला तयार आहे, खाली चेअरमन आणि सचिव.

मी म्हटलं, "पहिल्या पानावर काय लिहिलंय? सभासदाची कबुली राहिली."

साडेसहाशे पावत्या छापल्या. नाव, खाते नंबर, मुद्दल, व्याज, शेअर्स. तीन संध्याकाळी चावडीवाचन ठेवलं. सचिव मोठ्यानं वाचणार, सभासदानं उठून कबूल म्हणायचं किंवा हरकत सांगायची, मग पावतीवर सही नाहीतर अंगठा. पहिल्या दिवशी गंमत म्हणून गर्दी झाली. दुसऱ्या दिवशी लोक घरातल्या पिशव्या, पत्र्याच्या पेट्या घेऊन यायला लागले.

दुसऱ्या संध्याकाळी मळ्यातल्या एका बाईचं, म्हणजे तिच्या मालकाचं खातं वाचलं. मालक २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. मुद्दल ७२,००० थकीत, वर व्याज. ती उठली नाही, बोलली नाही. सचिवांनी पुढचं नाव घेतलं.

सकाळी ती माझ्या दारात आली. धाकट्या पोराला बरोबर घेऊन. पदराखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि म्हणाली, "भावजी, म्या चारचौघांत बोलले न्हाई. पर ह्ये बगा काय हाय. त्यांनी जाताना सांगितलं हुतं, सोसायटीचं फिटलंय म्हणून. म्या दोनदा हापिसात आले. वहीत न्हाई म्हणाले. वहीत न्हाई म्हटल्यावर म्या काय बोलू?"

पिशवीत कारखान्याचं उसाचं बिल होतं. २०२०-२१ च्या हंगामाचं. कपातीच्या रकान्यात सोसायटी, ७२,०००.

ही बाई दोन वर्षं थकबाकीदार म्हणून जगत होती. बोजा उतरेना. थकबाकी म्हणून वारसाला नवं पीककर्ज मिळेना. खासगीतून पैसे उचलून तिनं लागण केलेली. आणि कागद देव्हाऱ्यामागं होता.

सचिवांना बोलावलं. त्यांनी बिल बघितलं, मग त्या सालची किर्द काढली. कारखान्याकडून आलेली एकूण रक्कम बरोबर जमा होती. बरोबरची कपातीची यादी लावली. यादीत त्या माणसाचं नाव होतं, रक्कम होती. मग ७२,००० गेले कुठं? खतावणी उलगडता उलगडता त्यांचं बोट एका पानावर थांबलं. आमच्या गावात एकाच नावाची दोन माणसं. नाव, बापाचं नाव, आडनाव, तिन्ही सारखी. एक मळ्यातला, तो मेलेला. दुसरा गावठाणातला. यादीत सोसायटीचा खाते नंबर नव्हता, नुसतं नाव. ७२,००० दुसऱ्याच्या खात्यावर जमा पडले होते. अक्षर सचिवांचंच. मोत्यासारखं.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मार्चअखेर, दोन गावं, हजारभर नावं आणि रात्री दहापर्यंत बसून लिहिणारा एक माणूस. मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "चेअरमन, माझ्या निवृत्तीला दोन वर्षं हायेत. पण हे मी आता निस्तरल्याबिगर जाणार न्हाई." त्याच दुपारी ते स्वतः कारखान्यावर गेले आणि गट नंबरासकट त्या हंगामाचा उतारा घेऊन आले.

आता इथं नीट लक्ष द्या, कारण ह्या सगळ्या कामातलं मला कळलेलं मोठं गणित हेच आहे. आमची बेरीज रुपयाला जुळत होती. एकाच्या खात्यातून काढून दुसऱ्याच्या खात्यात घातलं तर बेरीज जुळतेच. लेखापरीक्षणातही ती जुळली होती. संगणकानंही जुळली म्हणून सांगितलं. बेरीज जुळली म्हणून त्या दिवशी सही केली असती, तर ते ७२,००० पोलादी झाले असते. वहीतली नोंद माणूस माणसाला विचारून दुरुस्त करतो. संगणकात गेलेली नोंद वरपर्यंत जाते, आणि मग ती बाई कुणाकुणाच्या दारात पिशवी घेऊन फिरली असती? एकूण बरोबर असणं वेगळं आणि एकेकाचं बरोबर असणं वेगळं. पावतीवर अंगठा घ्यायचा तो ह्यासाठी.

कारखान्याच्या उताऱ्यावर गट नंबर मळ्यातला होता. कागद स्वच्छ होता. अडचण माणसाची होती. गावठाणातला तो दुसरा सभासद आमच्याच मंडळात संचालक होता. माझ्याच पॅनेलचा, माझ्या भावकीतला. मधल्या काळात त्यानं नवं-जुनं करून कर्ज फिरवलेलं. दुरुस्ती केली की त्याच्या खात्यावर ७२,००० चढणार.

त्याला घरी बोलावून कागद दाखवले. तो म्हणाला, "सचिवानं मांडलं, म्या काय करू? मला काय स्वप्न पडलं हुतं?" मग खुर्ची पुढं ओढून हळूच म्हणाला, "आप्पा, जुनं हाय ते जाऊ द्या. सगळं संगणकात गेलं म्हंजे जुनं मिटलं. तुमचा मेळ बसलाय न्हवं? मग सही करा आन् मोकळं व्हा."

मी म्हटलं, "बेरजेचा बसलाय. तिचा न्हाई बसला."

अकरा दिवस गेले. रोज फोन. आसपासच्या गावांच्या सह्या झाल्या, तुमचीच अडलीय. एका बैठकीत आमच्या सोसायटीचं नाव मागं राहिलेल्यांत वाचलं गेलं. संचालक कुजबुजायला लागले, की एका बाईसाठी चेअरमन गाव थांबवतोय. मी वही उघडायचो. 'अडलंय कुठं' ह्या रकान्यात एकच ओळ होती. त्या ओळीपुढं काम झाल्याची खूण करता येत नव्हती.

मंडळाची बैठक घेतली. किर्द, कारखान्याची यादी, बिल, गट नंबराचा उतारा, चारही कागद टेबलावर मांडले आणि सचिवांनाच वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं. शेवटी उभं राहून म्हणाले, "ही नोंद माझ्या हातची आहे. दुरुस्तीपण माझ्याच हातनं होऊ द्या." त्यानंतर विरोधात बोलायला कुणाचा आवाज निघेना. ज्या तारखेला कारखान्यानं पैसे कापले त्याच तारखेला तिच्या मालकाचं खातं फिटलं असं धरायचं, दुसऱ्या खात्यावर रक्कम नावे टाकायची आणि व्याजाचं लेखापरीक्षकाला विचारून करायचं, असा ठराव झाला. तो संचालक ठरावावर सही न करता उठून गेला. चार दिवसांनी, अंधार पडल्यावर, ऑफिसात येऊन त्यानं आपल्या नव्या बाकीच्या पावतीवर सही केली. माझ्याकडं बघितलं नाही.

साडेसहाशे पावत्यांत मिळून अकरा फरक निघाले. बाकीचे दहा किरकोळ होते. कुणाचे शेअर्स कमी, कुणाचं वय चुकीचं. अकराही निस्तरल्यावर सचिवांनी आणि मी त्या कागदावर सही केली. ठरल्यापेक्षा एकोणीस दिवस उशिरा.

सही झाली तरी वह्या लगेच बांधून ठेवल्या नाहीत. तीन महिने दोन्हीकडं लिहिलं, वहीतही आणि संगणकातही. रोज संध्याकाळी दोन्ही किर्दी शेजारी ठेवायच्या. पहिल्या महिन्यात पाच-सहा वेळा फरक आला, दुसऱ्यात दोनदा, तिसऱ्यात एकदाही नाही. नव्या बैलाला जुन्या बैलाशेजारी जुंपून शिकवतात, तसंच. पासवर्ड कुणीतरी खडूनं कपाटाच्या दारावर लिहिला होता, तो पुसून घेतला. सचिवांचा वेगळा, पोरीचा वेगळा. ज्यानं भरलं त्यानंच मंजूर करायचं नाही, एवढा एक नियम भिंतीवर लावला.

त्या बाईला बेबाकीचा दाखला प्रिंटरमधून काढून दिला. तिनं तो उलटसुलट बघितला आणि विचारलं, "भावजी, आता वहीत हाय न्हवं?" मी म्हटलं, "वहीतबी हाय आन् यंत्रातबी." वारसनोंद झाली. पुढच्या खरिपाला थोरल्या पोराच्या नावानं कर्ज उचललं गेलं.

निवडणूक लागली तेव्हा त्या संचालकानं माझ्याविरुद्ध पॅनेल उभं केलं. मी पडलो. सतरा मतांनी. घरातल्यांनी वाईट वाटून घेतलं. लेक फोनवर म्हणाली, "आप्पा, आमच्याकडं पण असंच असतं. काम नीट संपवणाऱ्याचा हार-तुरा होत नाही." मला काही तसं फार वाटलं नाही. माझं रान होतं, हळद काढायला आली होती.

नवा चेअरमन तोच झाला. कार्यभार द्यायला मी ऑफिसात गेलो. किल्ल्या दिल्या, शिक्का दिला आणि ती दोनशे पानी वही पुढं केली. त्यानं चाळली. शेवटच्या पानावर 'पुढच्या हंगामाचं' खाली त्याच्याच नावानं खत दुकानाचा साठा लिहिलेला होता. तो वाचून त्याला जरा हसू आलं. मग पानं मागं उलटत उलटत तो चौथ्या रकान्यापाशी थांबला. त्या अकरा दिवसांची ओळ तिथं तशीच होती, खाली खूण आणि तारीख.

"आप्पा, हा रकाना ठेवायलाच लागतोय का?"

"बाकीचे तीन न्हाई भरले तरी चालंल," मी म्हटलं, "हा रोज भर."

त्यानं वही मिटली आणि आपल्या खणात ठेवली.